आईने पाहिलेला फ्योर्ड

"ही तर पल्याड पोचायला किती वेळ लागतो गं?" आईने नातीला विचारलं.

नॉर्वेतल्या हेलेसिल्टच्या धक्क्यावर आमची गाडी नुकतीच बोटीच्या पोटात शिरली होती. मागेपुढे जर्मन नंबरच्या कॅम्पर गाड्या, दोन मोटरसायकलवाले, छतावर सायकली बांधलेलं एक कुटुंब. आणि आई त्या भल्यामोठ्या फेरीबोटीला शांतपणे 'तर' म्हणत होती. लेकीला वाटलं आजीचं वाक्य अर्धं राहिलंय. "तर काय, आजी?" असं तिने दोनदा विचारलं. मग आईच वैतागली. "अगं तर म्हणजे तर! होडी!"

तिचं माहेर सावित्रीच्या खाडीकाठचं, दासगावच्या अंगाला. तिच्या लहानपणी खाडी ओलांडायची म्हणजे तरीला बसायचं. हा शब्द मीही वीस-पंचवीस वर्षांत ऐकला नव्हता. आता तिकडे पूल झाले, माणसं पुण्यामुंबईला गेली, आणि तर फक्त आईच्या तोंडात राहिली. ती तिने नॉर्वेत बाहेर काढली.

डोंगरांमध्ये खोल आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याला तिकडे फ्योर्ड म्हणतात. घरी परत आल्यावर मी या शब्दाचं मूळ शोधलं. तो जुन्या नॉर्स भाषेतून आलाय आणि त्याचा मूळ धातू आपल्या 'पार'शी नातं सांगतो. ओलांडणं, पलीकडे जाणं. आपण ज्याला देखावा म्हणून बघायला जातो, ते तिथल्या लोकांच्या तोंडी मुळात ओलांडायचं पाणी होतं. आईला हे मोठ्या उत्साहाने सांगितलं तर ती म्हणाली, "मग मी काय वेगळं म्हणाले होते?"

नॉर्वे बघायचं वेड माझं. लेक त्रोंधाइमला शिकायला गेली हे निमित्त झालं. आईला आणायचा विचार सुरुवातीला नव्हता. चौऱ्याहत्तरीची बाई, गुडघे कुरकुरणारे, आणि परदेशाचं तिला काडीचं आकर्षण नाही. पण "पोर एकटी कुठे राहते ते बघून येते" म्हणाली आणि पासपोर्टला अर्ज केला. बायकोला नोकरीतून सुट्टी मिळाली नाही, म्हणून निघालो मी आणि आई. जूनचा शेवटचा आठवडा. आधी ओलेसुंदला दोन दिवस राहिलो. हे शहर १९०४ च्या जानेवारीत जवळजवळ सगळं जळून गेलं आणि मग थोड्याच वर्षांत एकाच घाटाच्या सुबक दगडी इमारतींनी पुन्हा उभं राहिलं. तिथून गाडीने हेलेसिल्ट, आणि हेलेसिल्टहून तासाभराच्या बोटप्रवासाने गाइरांगर.

गाइरांगर फ्योर्डचे फोटो मी इतके पाहिले होते की खरा फ्योर्ड बघताना थोडं ओळखीच्या माणसाला भेटल्यासारखं होईल, हे गृहीत धरलं होतं. कुठून कुठला फोटो काढायचा हेही ठरलेलं होतं. हे सगळं आईने कसं उधळून लावलं, ते सांगायला हा लेख.

बोट निघाली आणि आम्ही वरच्या डेकवर गेलो. पहिली गोष्ट जाणवली ती वास. म्हणजे वासाचं नसणं. मी खाडीच्या माणसाच्या पोटी जन्मलो. दोन्ही बाजूंना डोंगर आणि मध्ये खारं पाणी असं चित्र दिसलं की नाक आपोआप चिखलाची, खाजणाची, सुकत घातलेल्या मासळीची वाट बघतं. इथे काहीच नाही. थंड, धुतलेली हवा. काठाला चिखल नाही, कांदळवन नाही, मुळात काठच नाही. डोंगर सरळ पाण्यात उतरतो आणि त्याच उताराने पाण्याखाली जात राहतो.

फरक जन्माचाच आहे. आपली खाडी म्हणजे नदीने कापलेली दरी, तिच्या तोंडात समुद्र शिरलेला. पाण्याने कापलेली दरी खाली निमुळती होत जाते आणि समुद्राकडे जाताना रुंद, उथळ होते. फ्योर्ड बर्फाने खोदलाय. हिमयुगांमध्ये एकामागून एक हिमनद्या याच वाटांनी सरकल्या आणि त्यांनी तळ आणि भिंती दोन्ही खरवडून काढल्या. पन्हळ कोरावी तसा आकार. बर्फ जिथे जाड होता तिथे खोल खोदलं गेलं, आणि डोंगर सोडून बाहेर पडताना तो पसरला, पातळ झाला, तिथे उथळ राहिलं. म्हणून बऱ्याच फ्योर्डांचा तळ आत खोल आणि समुद्राच्या तोंडाशी वर आलेला असतो. अगदी घराचा उंबरठा असावा तसा. थोडं दक्षिणेला सोग्ने फ्योर्ड आहे, २०५ किलोमीटर लांब आणि सगळ्यात खोल जागी १३०८ मीटर. कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे अख्खी कळसूबाई तिथे उभी केली तर जेमतेम तीन-साडेतीनशे मीटर वर राहील. गाइरांगर त्या मानाने चिमुकला, १५ किलोमीटरचा एक फाटा. पण दोन्ही बाजूंच्या भिंती इतक्या जवळ येतात की आकाशाची पट्टी होते. २००५ साली युनेस्कोने याला आणि आणखी एका फ्योर्डला मिळून जागतिक वारसा म्हटलं.

हे सगळं मी आईला समजावून सांगत होतो. मला शिक्षक व्हायला आवडलं असतं. तिचं लक्ष नव्हतं. ती डोळे बारीक करून डोंगर बघत होती, पण शिखरांकडे नाही. मधल्या उताराकडे.

"झाडं बघ ती," ती म्हणाली.

मला झाडंच दिसली. बर्चची हिरवी झाडं.

"वाकडी आहेत. बुंध्याशी वाकून मग सरळ झालीत. जमीन सरकते तिथली."

शेजारी कठड्याला टेकून एक म्हातारे गृहस्थ उभे होते. हातात थर्मास, अंगात विणलेला जुना स्वेटर. पर्यटक नसावेत, कारण त्यांनी एकदाही फोन काढला नव्हता. लेकीने मोडक्यातोडक्या नॉर्वेजियनमध्ये त्यांच्याशी बोलणं सुरू केलं होतं. आजी काय बघतेय हे तिने त्यांना सांगितलं असावं. त्यांनी आईकडे वळून पाहिलं, मान हलवली आणि मग बोट केलं. हेलेसिल्टहून निघाल्यावर बोट आधी सुन्निल्व्स फ्योर्डमधून उत्तरेला जाते आणि मग उजवीकडे गाइरांगरमध्ये वळते. वळण यायच्या आधी त्यांनी समोर, लांब, डाव्या हाताच्या डोंगराकडे दाखवलं. ओकेर्नेसे. लिहिताना शेवटी 'ट' आहे, म्हणताना नाही.

लांबून काही विशेष दिसत नाही. आडवा करडा उतार, वरच्या अंगाला एक सावलीची रेघ. ती रेघ म्हणजे भेग. सुमारे ७०० मीटर लांब. तिच्या खालचा सगळा डोंगराचा तुकडा दरवर्षी काही सेंटिमीटर खाली सरकतोय. तो एक दिवस फ्योर्डमध्ये कोसळेल याबद्दल तिथे फारसा वाद नाही. कधी, हे सांगता येत नाही. कोसळला की पाण्याची जी भिंत उठेल ती हेलेसिल्टला पाचएक मिनिटांत पोचेल, गाइरांगरला दहाएक मिनिटांत.

लेकीने हे मराठीत सांगितलं तेव्हा मी पटकन मागे वळून हेलेसिल्टकडे पाहिलं. धबधब्याच्या दोन्ही बाजूंना मांडलेली पांढरी, लाल घरं. अर्ध्या तासापूर्वी तिथल्या धक्क्यावर आम्ही वॅफल खाल्ले होते.

आईने एकच प्रश्न विचारला. "हे यांना माहीत आहे?"

आहे. इथे मला थांबून जरा सविस्तर सांगायला हवं.

याच परिसरात, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, ताफ्योर्ड नावाचा फाटा आहे. ७ एप्रिल १९३४ च्या पहाटे, तीनच्या सुमारास, तिथला कडा सुटला. वीस लाख घनमीटरहून जास्त दगड काहीशे मीटर उंचीवरून पाण्यात पडला आणि कड्याजवळ लाट साठ मीटरच्या वर चढली. दोन गावांमधली ४० माणसं झोपेत गेली. आणखी दक्षिणेला लोएनच्या तळ्यात असंच १९०५ मध्ये झालं होतं, लोकांनी गाव पुन्हा वसवलं, आणि १९३६ मध्ये तोच डोंगर पुन्हा कोसळला. म्हणजे हे काही शास्त्रज्ञांनी संगणकावर मांडलेलं भाकीत नाही. इथल्या घराघरांत ही आठवण आहे.

कारण पुन्हा बर्फच. हिमनदीने भिंती उभ्या कापल्या, आणि ती होती तोवर तीच त्या भिंतींना टेकू देऊन होती. साधारण दहा हजार वर्षांपूर्वी बर्फ गेला. टेकू गेला. तेव्हापासून हे कडे हळूहळू सैल होतायत. चिरांमध्ये पाणी शिरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं, उन्हाळ्यात वितळून आणखी आत उतरतं. जो आकार बघायला जगभरातून माणसं येतात, तो आकारच मुळात पडायला टेकलेला आहे.

ओकेर्नेसेच्या भेगेवर २००४ पासून पहारा आहे. डोंगरात खोल भोकं पाडून त्यात उपकरणं सोडलीत, भेगेच्या दोन्ही ओठांमध्ये अंतर मोजणारे दांडे बसवलेत, समोरच्या काठावरून रडार बघतं, वरून उपग्रह. त्यांचं जलसंपदा आणि ऊर्जा संचालनालय चोवीस तास ते आकडे वाचत बसलेलं असतं. दगड एकदम सुटत नाही. सुटायच्या आधी त्याचा वेग वाढत जातो, त्यामुळे काही दिवस आधी कळेल आणि गावं रिकामी करता येतील, अशी त्यांची मांडणी आहे. दोन्ही गावांत भोंगे आहेत.

आई ऐकत होती. तिने काही म्हटलं नाही. मला माहीत होतं ती कुठे गेलीय.

२५ जुलै २००५. महाड तालुका. दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते. मुंबई बुडाली त्याच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट, म्हणून बऱ्याच जणांच्या लक्षातही नाही. त्या चार गावांवर दरडी आल्या आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. आईच्या भावकीतली त्यात होती. किती, ते मी इथे लिहीत नाही. ती मोजत नाही. मग २२ जुलै २०२१, तळिये. तोच तालुका, ऐंशीच्या वर माणसं. तेव्हा ती पुण्याला माझ्याकडे होती आणि टीव्हीसमोर उभी होती. बसली नव्हती, उभी होती, दोन तास.

आपला डोंगर वेगळा आहे, हे मान्य. त्यांचा दगड अब्जावधी वर्षांचा, आपला काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. त्यांचा कडा चिरा पडून सुटतो, आपल्याकडे खडकावरचा मातीचा जाड थर पावसाने भरतो आणि कातळावरून घसरतो. त्यामुळे इथे रडार आहे तर तिथे का नाही, अशी सरळ तुलना करणं मला थोडं स्वस्त वाटतं. एक डोंगर वर्षानुवर्षं इंचाइंचाने सरकतो तेव्हा त्याच्यावर पहारा ठेवता येतो. एका रात्रीत सैल होणारी, नावही नसलेली हजार टेपाडं असतात तेव्हा प्रश्न वेगळा होतो. पण आईचा प्रश्न याच्या अलीकडचा होता. यांना माहीत आहे का. आणि त्याचं उत्तर ऐकून तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी हेवा म्हणून वाचलं. चुकलोही असेन.

बोट वळली. ध्वनिक्षेपकावर चार भाषांमध्ये धबधबे सुरू झाले. डावीकडे सात बहिणी, उजवीकडे त्यांना मागणी घालणारा नवरदेव, सगळ्यांनी नकार दिला म्हणून बिचाऱ्याने बाटली जवळ केली, वगैरे. नवरदेवाच्या प्रवाहात मधोमध बाटलीचा आकार खरंच दिसतो. सात बहिणी अडीचशे मीटर कोसळतात आणि जूनमध्ये बर्फ वितळत असल्याने त्या दिवशी सातही हजर होत्या. सुंदर आहेत. पण माणूस धबधब्यांना लग्नाच्या गोष्टी का चिकटवतो ते मला कळत नाही. आपल्याकडेही प्रत्येक सुळक्याला नवरा नाहीतर नवरी केलेलंच आहे.

आई म्हणाली, "घर आहे वर."

होतं. धबधब्याच्या बाजूला, उभ्या कड्याच्या मध्यावर, ताटलीएवढ्या हिरव्या तुकड्यावर लाकडी खोपटं. क्निव्स्फ्लो. तिथे पिढ्यान् पिढ्या माणसं राहत होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांना उठावं लागलं, कारण डोक्यावरचा खडक धोक्याचा झाला होता. समोरच्या बाजूला तसंच दुसरं, स्कागेफ्लो. या फ्योर्डच्या कड्यांवर अशी कितीतरी घरं आहेत, आता सगळी रिकामी. स्थानिक लोकांची एक संस्था त्यांची छपरं शाकारते, वाटा साफ ठेवते.

आईला धबधब्यांपेक्षा ही घरं महत्त्वाची वाटली. तिने प्रश्नांची सरबत्ती लावली. पाणी कुठून भरायचे? गुरं कशी चढवली? बाळंतीण अडली तर? मेलेलं माणूस खाली कसं आणायचे? मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. "उद्या जाऊन बघून ये," ती म्हणाली. जणू मला बाजारातून काही आणायला पाठवत होती.

तर दुसऱ्या दिवशी मी आणि लेक स्कागेफ्लोला गेलो. छोटी बोट कड्याच्या पायथ्याशी एका खडकाला टेकते, तुम्ही उडी मारता, बोट निघून जाते. मग अडीचशे मीटर चढ. आकडा ऐकायला किरकोळ आहे. पर्वतीच्या दुप्पट-तिप्पट म्हणा. पण वाट अशी उभी की गुडघा छातीला लागतो, आणि अवघड जागी आधाराला लोखंडी दोर लावलेत. मी पंचेचाळीस मिनिटं घेतली आणि त्यातली पंधरा देखावा बघायच्या नावाखाली श्वास घेण्यात घालवली. पूर्वी या वाटेत एक शिडी होती म्हणे. करवसुलीला अधिकारी आला की वरचे लोक शिडी ओढून घ्यायचे. ही गोष्ट खरी असो नसो, सांगणाऱ्यांना ती खरी हवी आहे एवढं नक्की.

वर पोचलो आणि मला घरी आल्यासारखं झालं. हे मी सजवून सांगत नाही. दगडाचे बांध होते. उतारावर माती धरून ठेवायला रचलेले, कोरडे, चुना-सिमेंट काही नाही, हाताने निवडून एकात एक बसवलेले दगड. आमच्या वरकस जमिनीत, नाचणीच्या दळ्यांना, आजोबांनी घातलेले बांध डोळ्यांपुढे आले. एका बांधात खालचा दगड मोठा, त्यावर दोन, त्या दोनांच्या सांध्यावर एक, आणि फटीत बोटभर जाडीची कपची ठोकलेली. ती कपची मी हाताने हलवून पाहिली. हलली नाही. शंभर वर्षं झाली; शेवटचं कुटुंब इथून १९१६ मध्ये उतरलं.

घरांच्या छपरावर माती आणि मातीत गवत. इथलं सगळं गवतावर चाले. शेळ्या खूप, गायी थोड्या. जिथे शेळीही बिचकेल अशा उतारावर माणसं कोयता घेऊन गवत कापत आणि भारे तारेला अडकवून खाली सोडत. पोरांना कड्याशी जाऊ नये म्हणून कमरेला दोरी बांधून खुंटाला अडकवत, असं सांगतात. पाणी? होतं. घरामागून एक पऱ्ह्या वाहत होता, पाऊलभर रुंद. मी ओंजळीने प्यायलो, आईला सांगता यावं म्हणून. दात शिवशिवले.

याच अंगणात १९९३ मध्ये नॉर्वेच्या राजा-राणीने लग्नाचा पंचविसावा वाढदिवस साजरा केला. कशासाठी इथे, असा प्रश्न पडेल त्याने कड्याच्या टोकाशी दोन मिनिटं उभं राहावं. खाली फ्योर्ड हिरवा-निळा, दुधाचे चार थेंब पडल्यासारखा. समोर सातही बहिणी. आणि मधोमध एक क्रूझ जहाज चाललेलं, आवाज न करता. त्या एका जहाजात गाइरांगर गावाच्या कितीतरी पट माणसं असतील. गावात कायमची वस्ती अडीचशेच्या आसपास. दुपारी जहाज लागलं की गावात जत्रा भरते, संध्याकाळी भोंगा वाजवून ते गेलं की कोंबड्या खुराड्यात गेल्यासारखी शांतता. धूर काढणाऱ्या जहाजांवर आता बंधनं येतायत. २०२६ पासून वारसा फ्योर्डांमध्ये लहान प्रवासी जहाजांना धूर सोडता येत नाही आणि मोठ्यांना २०३२ पर्यंतची मुदत आहे. बरं झालं. पण मी स्वतः विमानाने अर्धं जग ओलांडून आलेला माणूस, मी यावर फार बोलू नये.

खाली आलो तेव्हा आई धक्क्यावर बसली होती. आमची वाट बघता बघता तिने फ्योर्डच्या पाण्यात बोट बुडवून चाखून पाहिलं होतं. "अळणी आहे," ती म्हणाली. "समुद्र म्हणतात आणि अळणी!" मीही चाखलं. वरणात मीठ घालायला विसरल्यावर जसं लागतं तसंच. बर्फाचं वितळलेलं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. खारं खाली राहतं. भरतीच्या खाडीत पोहलेल्या बाईला हे पटणं अवघड होतं. लेकीने समजावलं, आईने ऐकून घेतलं.

मी बांधांचं सांगितलं. पऱ्ह्याचं सांगितलं. बाळंतिणीचं मलाही कळलं नव्हतं. मग लेकीने फोनवर तिला एका घराचा फोटो दाखवला. ओकेर्नेसेच्या भेगेखालीच, त्याच उतारावर, एक जुनं शेतघर आहे. ते कातळाच्या पोटाला असं चिकटवून बांधलंय की वरून हिमाची दरड आली तर छपरावरून घसरत पुढे निघून जावी. आईने फोन हातात घेतला. फोटो दोन बोटांनी मोठा केला. हे तिला चांगलं जमतं, भाजीचे भाव ती असेच बघते. छपराचा उतार आणि डोंगराचा उतार एका रेषेत होते.

"शहाणी माणसं," ती म्हणाली. बराच वेळ फोटो बघत राहिली.

दाल्स्निब्बा नावाच्या डोंगरावर गेलो ते थोडक्यात सांगतो. सुमारे दीड हजार मीटरवर रस्ता जातो, वर जूनमध्येही बर्फ, वाटेतलं तळं अर्धं गोठलेलं. वरून फ्योर्ड बोटाएवढा दिसतो आणि ढग नसतील तर फोटो उत्तम येतो. ढग होते. आईने आयुष्यात पहिल्यांदा बर्फात पाय ठेवला आणि म्हणाली, "बुटात गेला." संपलं.

त्यापेक्षा न्याहारीचा किस्सा चांगला. हॉटेलात तपकिरी रंगाची चीजची वीट ठेवलेली असते आणि लोक तिच्या पातळ कापट्या काढून पावावर ठेवतात. ब्रुनोस्त. मला तो प्रकार गोड-खारट असा गोंधळलेला वाटला. आईने तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "खरवड आहे ही. खव्याच्या कढईची." आणि तसंच निघालं. दूध फाडून चीज काढल्यावर जे पाणी उरतं ते तासन् तास आटवत नेतात, त्यातली साखर करपून तपकिरी होते. कड्यावर शेळ्या पाळणाऱ्या माणसाला दुधातला एक थेंबही फेकून देणं परवडणारं नव्हतं. आई रोज दोन कापट्या खाऊ लागली. येताना अर्धा किलो घेऊन आलो.

शेवटच्या रात्री जेवणं झाली, साडेदहा वाजले होते. बाहेर चारच्या दुपारसारखा उजेड. मी बॅगा भरत होतो. आई खोलीच्या दारामागे लावलेला कागद बघत उभी होती. इंग्रजी तिला वाचता येत नाही, पण नकाशा कळतो, बाण कळतात. निळं पाणी खाली, आणि बाण सगळे वर.

"हा कशाचा गं कागद?"

भोंगा झाला तर कुठे जायचं त्याचा, असं लेकीने सांगितलं. आणि लगेच पुढचंही सांगितलं, आजी घाबरू नये म्हणून. की असं एकाएकी होणार नाही, आधी काही दिवस कळेल, आपण उद्या सकाळी जातोच आहोत.

"मी कुठे घाबरले?" आई म्हणाली. "चला, बघून तरी येऊ."

तिने स्वेटर घातला, साडीच्या निऱ्या थोड्या वर खोचल्या आणि लेकीने घेऊन दिलेले बूट चढवले. गावाच्या मधून एक धबधबा खाली येतो आणि त्याच्या कडेने वर जायला लोखंडी जिना आहे, तीनशेच्या वर पायऱ्या. दिवसा त्यावर पर्यटकांची रांग असते, आता कोणी नव्हतं. पायथ्याशी आई थांबली. मला म्हणाली, "घड्याळ लाव."

मी लावलं.

ती चढायला लागली. कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. लेक तिच्या मागे, हात न लावता पण लावण्याइतकी जवळ. शेजारून पाणी एवढ्या जोरात कोसळत होतं की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि तुषारांनी पायऱ्या ओल्या झाल्या होत्या. मी मागे वळून पाहिलं. खाली धक्का, आमची तर, अळणी पाणी. समोरच्या डोंगराच्या माथ्यावर अजून ऊन होतं.

चार मिनिटांनी ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा निघाली. सात मिनिटांनी बाजूच्या कठड्याला टेकली. लेक म्हणाली, आजी पुरे आता. आईने मान हलवली नाही की काही नाही. फक्त पुढची पायरी घेतली.

"किती झाली?" वरून तिने ओरडून विचारलं.

"दहा होत आली!"

ती थांबली. वर अजून बरेच टप्पे दिसत होते. तिने वाकून खाली पाहिलं, पाणी किती लांब राहिलं ते डोळ्यांनी मापलं. मग सावकाश पायरीवर बसली आणि गुडघे चोळायला लागली.

"इथवर येते मी," ती म्हणाली.